फारमावरचं सोयाबीन

सोयाबीन हा शब्द तेव्हा आमच्या भागात कुणाला नीट म्हणता येत नव्हता. कुणी साबीन म्हणे, कुणी सायबीन, आणि माझा शिवामामा त्याला ‘सायबाचं बी’ म्हणायचा, कारण ते सांगलीच्या साहेबांनी जीपमधून आणलं होतं. आता माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सगळ्या रानात तेच करतो. श्रावणात पाऊस दडी मारून बसला की तो मला फोन करतो, “मावशे, पानं उलटी झाल्यात बग.” म्हातारीला काहीतरी सांगायचं म्हणून तो सांगतो. मी हूं हूं म्हणते. पण पानं उलटी झाली एवढं कानावर पडलं की पुढचं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नाही. मी त्या माळावर जाऊन उभी असते.

माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, पलटणीतून पेन्शनीवर आले आणि सरकारी फारमावर मुकादम म्हणून लागले. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. फारम मात्र सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथं नदी नाही की ऊस नाही, नुसता माळ आणि मुरूम. फारमाच्या खालच्या अंगाला, ओढा ओलांडला की माळवाडी लागायची, आणि माळवाडी हे माझ्या आईचं माहेर. नोकरी माहेराच्या उशालाच लागली म्हणून आईनं पहिल्या वर्षी खंडोबाला नारळ फोडला होता. पुढं तिला त्या शेजाराचा किती त्रास होणार होता, ते तिला तेव्हा कुठून कळावं!

आमचं क्वार्टर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. उन्हं चढली की पत्रा तडतडायचा आणि सांज झाली की पुन्हा तसाच तडतडत निवायचा. आण्णांनी घराची बराक करून टाकली होती. वाकळांच्या घड्या एकावर एक, कडेला कड लावून. पितळी तांब्या चिंचेनं घासून लखलखीत. चपला दाराबाहेर एका ओळीत. ते मोठ्यानं कधी बोलत नसत. “ऑर्डर म्हंजे ऑर्डर,” एवढंच म्हणायचे, आणि तेही स्वतःला सांगितल्यासारखं. रेशनला तेव्हा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली ज्वारी मिळायची. तिची भाकरी तव्यावरून काढली की लगेच खावी लागे, नाहीतर वहाणेच्या तळव्यासारखी होई. रात्री बहुतेक हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आई त्यात लसणाची पाकळी ठेचून टाकायची, त्या वासानं अर्धं पोट भरायचं. उरलेलं अर्धं मात्र तसंच राहायचं.

बेंदराच्या आधी साहेब बियाण्याचं पोतं घेऊन आले. तरुण होते, चष्मा होता, बोलणं पुस्तकासारखं. वाटाण्याएवढं पिवळं गोल बी त्यांनी आण्णांच्या तळहातावर ओतलं. आण्णा म्हणाले, “हिमालयाच्या बाजूला असतंय आसलं, साहेब. काळं. भट म्हंत्यात. थंडीत आमी डाळ करून खाल्लीया.” साहेब खूश झाले. त्यांना पाहायचं होतं ते असं, की आमच्याकडच्या पावसाच्या लहरीत हे पीक तग धरतं का. त्यासाठी एकाच तुकड्याचे पट्टे पाडले. लाल खुंट्यांच्या पट्ट्यांना विहिरीचं पाणी द्यायचं, पांढऱ्या खुंट्यांच्या पट्ट्यांना एक थेंबही द्यायचा नाही. मग काय फरक पडतो तो टिपायचा. “मुकादम, पांढऱ्याला पाणी गेलं किंवा लालचं चुकलं, तर सगळं वाया,” साहेब म्हणाले. आण्णांनी टाचा जुळवून मान हलवली. विहिरीला तारेचं कुंपण होतं, फाटकाला कुलूप होतं, आणि किल्ली आण्णांच्या करगोट्याला.

पेरणीपुरता पाऊस झाला. उगवण अशी सुरेख झाली की मी आणि आई शेण टाकायला जाताना उगाच बांधावर थांबायचो. मग पाऊस गेला. आभाळ रोज पश्चिमेला भरून यायचं, नुसता वारा सुटायचा आणि ढग आमच्या डोक्यावरून कर्नाटकात निघून जायचे. माळवाडीची बाजरी वीतभर होऊन करपली. मटकी, हुलगा सुद्धा हबकला. पांढऱ्या खुंट्यांतलं सोयाबीन मात्र काहीतरी निराळंच करत होतं. दुपारी ऊन माथ्यावर आलं की त्याची पानं हळूहळू उलटी व्हायची. वरची हिरवी बाजू आत आणि खालची पांढुरकी, बारीक लव असलेली बाजू उन्हाकडं. सगळा पट्टा राख उडाल्यासारखा फिकट दिसायचा. मला वाटलं, मेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर पानं पुन्हा सरळ. आई म्हणाली, “उन्हाकडं पाठ करतंय बाय ते. आपून डोसक्यावर पदर घेतो तसं.” त्याची रोपं खुरटी राहिली, पण उभी राहिली. शेजारचे लाल खुंट्यांचे पट्टे मात्र मांडीला लागले होते, गर्द हिरवे, जांभळ्या बारीक फुलांनी भरलेले. 

लालच्या पाळीला आण्णा इंजिन चालू करायचे. त्याचा टुकटुक आवाज ओढा ओलांडून माळवाडीत जायचा, आणि माळवाडीच्या आडात तेव्हा तळाला वाटीवाटीनं पाणी झिरपत होतं. बायका आळीपाळीनं कपारीला पाय देत आत उतरत, नारळाच्या करवंटीनं पाणी भरत आणि घागर दोराला बांधून वर देत. गावची माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून यायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आमचं इंजिन ऐकायची. एकदा मामा आमच्याकडं आला, चहा न घेताच उभा राहिला. “दाजी, तुमचं इंजिन वाजलं की घास खाली उतरत न्हाई बगा. पिकाला पानी आन् मानसाला न्हाई, ह्यो कुटला न्याव?”

“शिवा, पानी माजं हाय व्हय?” आण्णा म्हणाले. “विहीर सरकारची, पीक सरकारचं. मी राखणदार. उद्या तुला दिलं तर परवा समद्या वाडीला द्यावं लागंल.”

“मग द्या की.”

“न्हाई देता येत.”

आण्णांनी सांगलीला जाऊन साहेबांना विचारलं होतं, हे मामाला माहीत नव्हतं. साहेबांनी वर विचारतो म्हणून सांगितलं होतं आणि वरून काही उत्तर आलं नव्हतं. आण्णा हे वाडीत कुणाला बोलले नाहीत. सबब सांगितल्यासारखं वाटेल म्हणून नसतील बोलले.

क्वार्टरसाठी आम्हाला विहिरीचं प्यायचं पाणी मिळायचं. आई त्यातली एक कळशी माझ्या डोक्यावर देऊन मामाच्या घरी पाठवू लागली. आम्ही अंघोळी सोडल्या, भांडी राखेनंच पुसायला लागलो. हौसामामी कळशी उतरवून घेताना माझ्या कपाळाला लागलेली चुंबळीची धूळ पदरानं पुसायची. ती माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही दोघी चिंचेखाली गजगे खेळलो होतो. एके दिवशी आण्णांनी मला ओढ्यात गाठलं. रागावले नाहीत. कळशी माझ्या डोक्यावरून घेतली, स्वतः घरी आणली आणि आईला म्हणाले, “एका घरला दिलं तर बाकीच्या घरांनी काय पाप केलंय? एकतर समद्यांला, न्हाईतर कुनालाच न्हाई. आन् समद्यांला द्यायची मला ऑर्डर न्हाई.” त्यांचं म्हणणं खोडून काढावं तर मला आजही ते जमत नाही. आईलाही जमलं नाही. ती चुलीपुढं बसून राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी हौसामामी आडात पडली. कपारीचा दगड निसटला आणि ती खाली खडकावर आपटली. आम्ही धावत गेलो तेव्हा तिला दोरानं वर घेतलं होतं. तोंडातून शब्द नव्हता, ओठ पांढरे, आणि मांडी मधेच वाकडी झालेली. मामा नुसता इकडून तिकडं येरझाऱ्या घालत होता, काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं. तेव्हा आण्णा पुढं झाले. त्यांनी दोन फळ्या मागवल्या, धोतर फाडून मांडी बांधली, तिला बाजेवर घातलं, बाज चार माणसांच्या खांद्यावर दिली आणि सडकेपर्यंत नेलं. खडीचा रिकामा ट्रक मिरजेकडं चालला होता, त्यात तिला चढवलं. मामा आणि आण्णा दोघं बरोबर गेले. ट्रकमध्ये पाय ठेवण्याआधी आण्णांनी करगोट्याची किल्ली सोडून आईच्या हातात दिली. “मागारी यायला वेळ लागंल. जप,” एवढंच म्हणाले.

त्यांनी किल्ली का दिली हा प्रश्न मी आयुष्यभर स्वतःला विचारत आले आहे. फारमावर दुसरा गडी होता, त्याच्याकडं देता आली असती. कदाचित घाईत सुचलं नसेल. कदाचित आईवर त्यांचा तेवढा विश्वास होता. तिसरी शक्यताही आहे, पण ती मी बोलून दाखवत नाही, कारण आण्णांना ती आवडली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं केस विंचरले, कुंकू लावलं आणि ती विहिरीकडं निघाली. मी मागं. तिनं कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं आणि मला म्हणाली, “सुमे, वाडीत जा. म्हनावं, या.” मी ओढ्यातून पळत गेले. बायका आधी आल्याच नाहीत. त्यांना वाटलं पोरगी खोटं बोलते. मग एक आली, घागर भरून नेली, आणि तिच्या मागोमाग सगळी वाडी आली. गोंधळ नाही, भांडण नाही. कुणी मोठ्यानं बोलतही नव्हतं. दोराची कप्पी करकरत होती आणि घागरी एकमेकींवर आपटत होत्या, तेवढाच आवाज. आई फाटकाशी उभी राहिली, म्हाताऱ्यांना पुढं सोडत, पोरींना मागं सारत. गुरंही आली. शेजारच्या वस्त्यांना कळलं, त्याही आल्या. पाच-सहा दिवसांनी आण्णा परत आले तेव्हा विहिरीत गाळ होता आणि इंजिनाचा पाइप हवेत उघडा लोंबत होता.

आण्णा सडकेवरून तडक विहिरीवर आले. कपडे मळलेले, दाढी वाढलेली. फाटकात बायका होत्या, त्यांनी पदर पुढं ओढून वाट दिली. आण्णांनी आत वाकून पाहिलं. त्या दिवशी लालची पाळी होती.

“हौसा कशी हाय?” आईनं विचारलं.

“वाचली. पाय आखूड राहील म्हनत्यात.” मग हात पुढं करून, “किल्ली.”

आईनं किल्ली दिली. “सायबाला मी सांगते. कुलूप मी काढलं.”

“किल्ली माज्या नावावर हाय,” आण्णा म्हणाले. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं नाही. पण त्या दिवसापासून ते आईशी बोलेनासे झाले. ‘तुझ्या आईला सांग, चहा कर,’ ‘तुझ्या आईला विचार, पीठ हाय का,’ असं सगळं माझ्यामार्फत चालायचं, दोघं एका खोलीत समोरासमोर असताना. भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. मी दोघांच्या मधे बसून जेवायचे आणि घास गिळताना मला माझा स्वतःचाच आवाज ऐकू यायचा.

साहेबांना आण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं. जीप आली. साहेब विहीर पाहून आले आणि आमच्या दारात उभे राहिले. चेहरा उतरला होता. “मुकादम, एवढंच बियाणं होतं हो आपल्याकडे. पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही. निदान मला तार तरी करायचीत.”

आण्णा मान खाली घालून उभे होते. आई आतून बोलली, दाराआडून, पण स्पष्ट. “सायेब, माज्या भावजयीची मांडी मोडली. आनि कुनाची मोडायची वाट बगायची व्हती?”

 साहेब पट्ट्यांकडं गेले, मीही मागं गेले. दुपार होती. पांढऱ्या खुंट्यांतलं खुरटं पीक नेहमीसारखं पानं उलटी करून उभं होतं. लाल खुंट्यांतलं मात्र पार मान टाकून बसलं होतं. पानं लोंबलेली, फुलांचा आणि कोवळ्या शेंगांचा खाली सडा. ज्याला सगळं मिळालं होतं तेच आधी कोसळलं होतं.  साहेबांनी कुदळ मागितली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दोन्ही पट्ट्यांतलं एकेक रोप खोल खणून काढलं. लालची मुळं वरच्या वर पसरली होती, झाडूसारखी. पांढऱ्याचं मूळ सरळ मुरमाच्या भेगेतून खाली गेलं होतं, साहेब खणून दमले तरी त्याचं टोक सापडेना. “वर पाणी मिळत होतं तोवर ह्याला खाली जायची गरजच पडली नाही,” ते मला म्हणाले. मग पांढऱ्याच्या मुळावरच्या, झाडाला हवेतून खत मिळवून देणाऱ्या बारीक गाठी त्यांनी नखानं फोडल्या. त्या सुकून करड्या झाल्या होत्या. लालच्या गाठी आतून अजून गुलाबी होत्या. “पण फुकट काही नसतं बाळ. ह्यानं तग धरला खरा, पण त्यापायी उपासही काढलाय.” मी ते रोप हातात घेऊन उभी राहिले. मला मामीची आठवण येत होती, मुळांकडं माझं फारसं लक्ष नव्हतं.

पुढं हस्ताचा पाऊस झाला, फार नाही, पण झाला. पांढऱ्या पट्ट्यांनी उरलीसुरली फुलं धरून ठेवली होती, त्यांच्या शेंगा भरल्या. लालमध्ये नुसता पाला माजला, शेंगा जवळजवळ नाहीतच. दसऱ्याला पानं गळाली आणि दुपारच्या उन्हात वाळलेल्या शेंगा रानात आपोआप तडतडू लागल्या. मळणी आम्ही सकाळच्या दवात केली. पांढऱ्याचं बी बारीक, सुरकुतलेलं, पण पोत्यात घालण्याइतकं निघालं. आईनं सरकारी बी म्हणून त्यातला एक दाणाही घरात येऊ दिला नाही, आमचे ओचेसुद्धा झाडायला लावले.

साहेबांनी कागदावर लिहिलं, की विहिरीचं पाणी आटल्यामुळं प्रयोग अपुरा राहिला. आण्णांचं नाव कुठं आलं नाही. साहेबांना आण्णांना वाचवायचं होतं, आणि मी त्यांचे उपकार विसरलेली नाही. पण त्यामुळं त्या मुळांचं जे त्यांनी पाहिलं तेही कुठं नोंदलं गेलं नाही, आणि आण्णांना तर ती दया जिव्हारी लागली. “शिक्षा दिली आसती तर बरं झालं आसतं,” ते एकदा गड्याला म्हणाले, मी ऐकलं. त्यांनी बदली मागून घेतली. फलटणच्या अंगाला, पाटपाण्याच्या भागात जागा मिळाली.

आम्ही निघालो त्या दिवशी माळवाडीत सुगीची धांदल होती. उशिराच्या ओलीवर सगळ्यांनी शाळू टाकला होता, राखणीला माणूस पुरत नव्हता. मामा आला नाही. त्याचा आण्णांवरचा राग गेला नव्हता. पाणी मिळालं ते आक्कानं, म्हणजे माझ्या आईनं दिलं, दाजीनं नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. सामान टेंपोत चढलं, आई पोत्यांवर बसली, धाकटी बहीण तिच्या मांडीवर. आण्णा मागचं फळकूट लावत होते तेवढ्यात ओढ्याच्या चढावरून हौसामामी येताना दिसली. काठी टेकत, एका अंगाला झुकत, दर दोन पावलांनी थांबत. आई उतरायला लागली तर तिनं हातानंच राहू दे म्हटलं. ती आईकडं न जाता आण्णांपुढं येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. त्यांच्याशी ती आजवर कधी थेट बोलली नव्हती.

“दाजी,” ती म्हणाली, “मिरजंला जाताना समदी वाट उन्हात तुमी माज्यावर छत्री धरून उबं व्हता. टरक हलत व्हता, तुमी पडत व्हता, पर छत्री हलली न्हाई. मी शुद्धीवर व्हते. हे मी आमच्या मानसाला बी सांगितलंय. त्यो आयकत न्हाई, पर मी सांगितलंय.”

आण्णांनी फळकुटाची कडी धरून ठेवली होती. ती लागली होती, तरी ते ती दाबत राहिले.  मामीनं माझ्या गालावरून हात फिरवला, आईकडं पाहून मान हलवली आणि आली तशी उताराला लागली. आम्ही ती ओढ्यात दिसेनाशी होईपर्यंत थांबलो. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

आण्णा पुढं ड्रायव्हरशेजारी बसणार होते. ते मागं चढले. आईच्या शेजारच्या पोत्यावर बसले, चपला काढून ओळीत ठेवल्या, आणि रस्त्याकडं बघत, मला मधे न घेता आईला म्हणाले, “नीट धरून बस. वाटंत लय गचकं हायती.”

आईनं एक हात पोत्याच्या दोरीला घातला. दुसऱ्या हातानं तिनं तोंडावर पदर घेतला आणि विट्याचा फाटा येईपर्यंत तो काढला नाही.